काम सोडण्याची इच्छा आणि कामाचे माप

एखादा मनुष्य लागलेले काम सोडून गावी परत आला म्हणजे त्याच्याविषयी बहुधा दोनच मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, त्याच्या अंगात आळस भरला. कोणी म्हणतो, मिळत्या भाकरीस त्याने लाथ मारली. त्याने सोडलेले काम कसे होते, त्याच्याकडून काय मागण्यात येत होते, हे विचारणारा क्वचितच भेटतो. उलटपक्षी जो मनुष्य वर्षानुवर्षे एकाच धन्याच्या दारी टिकून राहतो त्याची वाहवा होते, आणि तो तेथे समाधानी आहे असे आपण न विचारताच धरून चालतो. ही दोन्ही अनुमाने आम्हांस चुकीची वाटतात, आणि ती केवळ बुद्धीची चूक नव्हे. तीमुळे माणसांवर अन्याय होतो. आमच्या मंडळ्यांत असे घर थोडे की ज्यातील एक तरी मुलगा पुण्यामुंबईकडे मजुरीस अथवा चाकरीस गेलेला नाही. तो जेव्हा काम सोडून येऊ म्हणतो तेव्हा त्यास काय सांगावे हा प्रश्न वडील माणसांपुढे उभा राहतो, व पुष्कळदा तो उपदेशकाकडेही येतो. म्हणून ह्या विषयाचा काही विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. तो पोकळ होऊ नये यासाठी पुण्याच्या मार्केट यार्डातील हमालांचे उदाहरण आम्ही समोर ठेवीत आहो.

हा बाजार पुणे शहराच्या दक्षिणेस गुलटेकडी येथे आहे. पूर्वी भुसार मालाचा मोठा व्यापार नाना पेठ व भवानी पेठ ह्या जुन्या वस्तीत चालत असे. तेथील रस्ते अपुरे पडू लागल्यावर तो गुलटेकडीस आला. गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी, गूळ, मिरची, कांदा, बटाटा, फळफळावळ, भाजीपाला, असा नाना प्रकारचा माल येथे येतो. शहर निजलेले असते तेव्हाच गाड्या येऊन लागतात. शेतकरी, आडते, तोलणार, हुंडेकरी, टेम्पोवाले ह्या सर्वांची तेथे गर्दी असते आणि त्या गर्दीतून वाट काढीत, पाठीवर पोते घेऊन, मान पुढे वाकवून हमाल चालत असतो. गाडीतून गाळ्यात, गाळ्यात थप्पीवर, थप्पीवरून पुन्हा दुसऱ्या गाडीत, असे एकच पोते अनेक पाठींवरून जाते. आपल्या घरच्या डब्यातील डाळ किती पाठींवरून आली याचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत सापडत नाही.

ह्या बाजारात दीर्घ काळ शंभर किलोंचे पोते हेच चालू माप होते. शंभर किलो म्हणजे एक क्विंटल. भाव क्विंटलावर निघतो, तेव्हा पोतेही क्विंटलाचे असले की हिशेब सोपा. पोती मोजली की माल मोजला. ते माप वहीच्या सोयीचे होते. ज्याने ते उचलावयाचे त्याचे स्वतःचे वजन पुष्कळदा साठ किलोंच्या आतच असे, परंतु माप ठरविताना त्याच्या पाठीस कोणी विचारले नव्हते. १९६७ साली जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने वाहावयाच्या ओझ्याविषयी करार केला, आणि त्याबरोबरच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंहून अधिक ओझे असल्यास ते तेथवर लवकर खाली आणावे असे सुचविले. म्हणजे जगातील जाणत्या लोकांनी जी शेवटची मर्यादा मानली तिच्या जवळजवळ दुप्पट ओझे आमच्या हमालाचे रोजचे, आणि तेही एकदा नव्हे तर दिवसातून कितीतरी वेळा होते.

येथे वाचक म्हणतील, ओझे जड म्हणूनच मनुष्यास काम सोडावेसे वाटते, यात विचार करण्यासारखे काय आहे? आमचे म्हणणे तसे नाही. जड काम आणि अवाजवी काम ह्यांत अंतर आहे, व सर्व प्रश्न त्या अंतरात आहे. सुगीच्या दिवसांत कुणबी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, त्याची बायको त्याहून अधिक राबते, आणि तरी सुगी सोडून पळून जावे असे त्यांच्या मनात येत नाही. कारण ते काम कशासाठी आहे हे त्यांस ठाऊक असते, ते कोठे संपणार हे ठाऊक असते, आणि उद्या कोणता तुकडा कापावयाचा हे तीच दोघे ठरवितात. हमालासही आपल्या बळाचा अभिमान असतो. अवघड पोते एका झटक्यात पाठीवर घेणाऱ्याकडे टोळीतील लोक कौतुकाने पाहतात. ओझ्याने पाठ दुखते खरी. पण मन उठते ते दुसऱ्याच कारणाने. ज्या मागणीस माप नाही, जिचे कारण मागणाऱ्यासही सांगता येत नाही, आणि जिच्यापुढे करणाऱ्याने एक शब्द बोलला तर उद्याचे काम जाते, ती मागणी अवाजवी होय. थप्पी लावून झाली, आता गाळाही झाडून टाक. झाडलास, आता घरचे सामान पोहोचवून ये. आणि त्याची मजुरी कसली मागतोस? असे जेथे चालते तेथे ओझे पाच किलोंचे असले तरी ते मनास शंभर किलोंचे होते.

आधुनिक मानसशास्त्रज्ञांनीही हाच भेद निराळ्या शब्दांत मांडला आहे. स्वित्झर्लंडातील बर्न येथील नॉर्बर्ट सेमर व त्यांचे सहकारी ह्यांनी असे दाखविले की, मनुष्यास त्रास देणारी कामे केवळ कठीण असतात असे नाही. 'हे माझ्याकडून अपेक्षिणे योग्य नव्हे' असे ज्यांच्याविषयी करणाऱ्यास वाटते, ती कामे त्यास विशेष लागतात. अशा कामांचे त्यांनी दोन वर्ग केले, एक अवाजवी व दुसरा निरर्थक. कारण कामाबरोबर एक निरोपही येतो. वाजवी काम सांगणारा अप्रत्यक्षपणे म्हणतो, तू ह्या कामाचा जाणता आहेस. अवाजवी काम सांगणारा म्हणतो, तू कोण हे आम्ही जाणत नाही व जाणण्याची आम्हांस गरज नाही. त्यापूर्वी १९७९ साली रॉबर्ट कारासेक ह्यांनी स्वीडन व अमेरिका येथील कामकऱ्यांच्या माहितीवरून असे मांडले होते की, कामाची मागणी मोठी आणि ते कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार अल्प, अशी जेथे जोड पडते तेथे मनावरचा ताण सर्वांत अधिक असतो. ह्या विद्वानांनी नवे सांगितले असे आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या आज्यापणज्यांनी गावकीची कामे केली त्यांस वाटणार नाही.

कारण महारवतनाचे स्वरूप नेमके हेच होते. सरकारी कागद पोहोचविणे, साहेबाच्या तळावर हजर राहणे, मेलेली गुरे ओढणे, वर्दी देत दुसऱ्या गावी धावणे, ह्यांपैकी कोणते काम कोणत्या घटकेस सांगितले जाईल याचा नेम नव्हता. डॉ. आंबेडकर ह्यांनी ह्या वतनाविरुद्ध जो आक्षेप घेतला त्यातील मुख्य भाग हाच की, ह्या चाकरीस वेळेची मर्यादा नाही, आणि वतनदार घरी नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्या कोणासही धरून नेता येते. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले. आणि वतन प्रत्यक्ष रद्द झाले ते १९५८ च्या कायद्याने. आता कोणी विचारील, चाकरी एवढी जाचाची होती तर लोकांनी ती पूर्वीच का सोडली नाही? सोडण्याची इच्छा नव्हती म्हणून नव्हे. थोडीशी जमीन, थोडेसे बलुते, राहते घर आणि गावची हद्द ही सर्व त्या चाकरीस बांधलेली होती. एक सोडले की चारही जात. ज्यांस वाट सापडली ते गिरणीत गेले, पलटणीत गेले, रेल्वेत गेले; ज्यांस सापडली नाही ते राहिले. जे राहिले त्यांचे राहणे म्हणजे संमती, असे त्या काळी वरच्या लोकांनी मानले, आणि अद्यापही असे मानणारे थोडे नाहीत.

मिसर देशातील विटांची गोष्ट आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे, म्हणून ती विस्ताराने सांगत नाही. एका गोष्टीकडे मात्र वाचकांनी लक्ष द्यावे. लोकांनी जाऊ द्या म्हटले तेव्हा फारोने त्याचा जो अर्थ केला तो असा की, हे आळशी झाले आहेत, ह्यांस काम कमी पडते. म्हणून त्याने गवत देणे बंद केले आणि विटांची संख्या तीच ठेवली. जाण्याच्या इच्छेवर त्याने अधिक अवाजवी मागणीचा उपाय केला, व ती इच्छा दुप्पट झाली. ज्या धन्यास आपला चाकर सोडून जाऊ नये असे वाटते त्याने ह्या एका निर्णयाचा शांतपणे विचार करावा.

पुन्हा बाजाराकडे वळू. हमालास काम सोडावेसे वाटले तर तो जाणार कोठे? त्याच्यामागे पावसावर अवलंबून असलेली कोरडी जमीन, डोक्यावर मुकादमाची किंवा दुकानदाराची उचल, आणि बाजारात त्याच्या जागेची वाट पाहणारे दहा जण. त्याचे नाव कोणाच्या हजेरीपटावर नव्हते, म्हणून तो कोणाचा नोकर ठरत नव्हता. गाळेवाला म्हणे, हा टोळीचा माणूस. आणि टोळीस कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नव्हते. अशा स्थितीत सोडण्याची इच्छा बाहेर पडण्यास दार नसले म्हणजे ती नाहीशी होत नाही. ती कोठेतरी मुरते. कोणाच्या बाबतीत ती दारूकडे जाते, कोणाच्या बाबतीत घरच्या बायकोपोरांवर निघते, आणि कोणाच्या बाबतीत ती एका मुकेपणाचे रूप घेते, ज्यास पाहणारे स्वामिनिष्ठा म्हणतात.

पुण्यात त्या इच्छेस एक चौथी वाट मिळाली. १९५५ साली डॉ. बाबा आढाव ह्यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत स्थापन झाली. ते व्यवसायाने डॉक्टर होते, तेव्हा पाठीचे दुखणे म्हणजे काय हे त्यांस सांगावे लागले नसेल. पंचायतीच्या मागण्या पाहिल्या तर त्यांत काम नको अशी एकही मागणी आढळत नाही. मजुरीचा दर ठरावा, तो वाढत्या महागाईबरोबर वाढावा, म्हातारपणाची तरतूद व्हावी, आणि पोते पन्नास किलोंहून जड नसावे, अशा त्या मागण्या होत. शेवटच्या मागणीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. पन्नास किलोंचे पोते केल्याने धान्य कमी होत नाही, भाव बदलत नाही. फक्त दोन पोती शिवावी लागतात. तेवढ्या सुतळीसाठी किती माणसांचे कंबरडे मोडले याचा विचार केला तर मन उद्विग्न होते. आज पुष्कळ माल पन्नास किलोंच्या व त्याहून लहान पोत्यांतून येतो, हे त्या झगड्याचे फळ होय. १९७४ साली पंचायतीने कष्टाची भाकर नावाचे उपाहारगृह सुरू केले, ज्यात मजुरास नफ्यावाचून पोटभर अन्न मिळावे असा हेतू होता.

ह्याच सुमारास मुंबईत अण्णासाहेब पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांची चळवळ चालली होती, आणि १९६९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याची घडण आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ह्या कायद्याखाली मंडळे स्थापन होतात; त्यांत सरकार, मालक व कामगार ह्या तिघांचे प्रतिनिधी असतात. मालक मजुरी मंडळाकडे भरतो, तीवर लेव्ही म्हणून आणखी रक्कम भरतो, आणि मंडळ कामगारास मजुरी देऊन लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार इत्यादी गोष्टींची तरतूद करते. वाचकांनी येथे नीट पाहावे: कायद्याने पोत्याचे वजन एका ग्रामानेही कमी केले नाही. त्याने हमालाची भाकर आणि एका गाळेवाल्याची मर्जी ह्यांमधील दोरी कापली. नाव मंडळाच्या पटावर आल्यामुळे, 'हे काम माझे नव्हे' एवढे म्हटल्याने ते पुसले जाईनासे झाले. ज्यास नाही म्हणता येते तोच मनापासून होय म्हणू शकतो, आणि ज्यास जाता येते त्याच्याच राहण्यास काही अर्थ असतो.

ह्यापूर्वीही महाराष्ट्रात असे घडले होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांतर्फे अर्ज केला व त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, उजाडल्यावर आरंभ व सूर्यास्तास शेवट, ठरल्या तारखेच्या आत पगार, असे त्यात मागितले होते. रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. आमच्या लोकांत काहींची समजूत आहे की, गिरणीचा रविवार हा साहेबाच्या धर्मामुळे सहज मिळाला. तसे नाही, तो मागून, भांडून, सहा वर्षांनी मिळाला, आणि मागणाऱ्यांत बहुतेक असे होते की ज्यांस तो खंडोबाचा वार म्हणून प्रिय होता. येथेही मागणी होती ती मापाची.

आता शहरातील शिकलेल्या लोकांचे पाहा. त्यांच्या पाठीवर पोते नाही, खुर्ची आहे, वर पंखा आहे, पगार हमालाच्या अनेक पट आहे. आणि तरी नोकरी सोडावी हा विचार त्यांच्यातही घरोघर ऐकू येतो. २०२४ साली पुण्यात नुकत्याच नोकरीस लागलेल्या एका तरुणीच्या मृत्यूनंतर, कामाच्या भारानेच तिचा जीव गेला असे तिच्या आईने एका पत्रात लिहिले, व ते पत्र देशभर वाचले गेले. कामाचा भार हे कारण मानण्यास त्या संस्थेने नकार दिला, आणि त्या वादाचा निकाल करणे हे आमचे काम नव्हे. परंतु ते पत्र वाचून इतक्या लोकांनी आपापली कहाणी सांगावी, यावरून माप नसलेले काम कोणत्याही कापडाखाली सारखेच बोचते एवढे तरी दिसते. खिशातील फोनामुळे आता चाकरास घरी निजलेला असतानाही बोलावता येते. येसकरास दारात येऊन हाक मारावी लागे, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. आडत्यासही देणी असतात, माल नासतो, गाडी खोळंबली तर भाडे वाढते. घाईच्या दिवशी अधिक काम मागणे हे सर्वदा जुलूम नव्हे. अवाजवी मागणी मजुराकडूनही होऊ शकते. माथाडीच्या नावाखाली हात न लावलेल्या मालाची हमाली उकळणारे लोक निघाले आहेत, व त्यांच्यामुळे खऱ्या हमालाची बदनामी होते. अशांस ह्या कायद्याची ढाल मिळू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच पहिल्या आठवड्यातच खांदा दुखला म्हणून परत येणारा मुलगा आणि दहा वर्षे सोसून परत येणारा बाप, ह्या दोघांस एका तागडीत घालता येत नाही. गावाकडे सालगड्याची रीत आहे की, पाडव्यास साल सुरू होते आणि पुढल्या पाडव्यास संपते. ही रीत आम्हांस एका अंगाने शहाणपणाची वाटते. ठरलेला काळ पुरा करावा, आणि तो पुरा झाल्यावर कोणास न भिता जावे किंवा राहावे. परंतु उचल फिटली नसेल तर पाडवा येतो आणि जातो, गडी तेथेच असतो, आणि धनी म्हणतो, पाहा, पंधरा वर्षे झाली, तो आम्हांस सोडून जात नाही.

आमच्या उपदेशकांविषयी व शाळामास्तरांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. सकाळी शाळा, दुपारी आजाऱ्यांची भेट, संध्याकाळी भजन, रात्री कोणाच्या तरी भांडणाचा निवाडा, मध्येच तालुक्याचे अर्ज लिहून देणे, आणि ह्या सर्वांस सेवा हे एक गोड नाव! सेवा म्हटल्यावर माप विचारणे लज्जास्पद वाटते, आणि म्हणूनच तेथे माप अधिक लवकर हरवते. असा मनुष्य एके दिवशी राजीनाम्याचा कागद पुढे ठेवतो तेव्हा मंडळीचे वडील त्याच्या विश्वासाची परीक्षा घेऊ लागतात. त्यांनी आधी त्याच्या दिवसाची यादी करावी. ती यादी एका माणसाची आहे की तिघांची, हे पाहण्यास फार विद्या लागत नाही.

आणि ज्याचा मुलगा पुण्याहून, काम सोडून येतो, असे कळवितो त्या बापाने त्यास रागाचा शब्द पाठविण्यापूर्वी काही साध्या गोष्टी विचाराव्या. आजचे काम कोठे संपणार हे तुला सकाळी ठाऊक असते काय? सांगितलेल्या कामाखेरीज आणखी काय करून घेतात, व त्याचे काही देतात काय? पोते किती किलोंचे आहे? नाही म्हटल्यावर काय होते? उचल किती घेतली व किती फिटली, आणि ती कोणी लिहून ठेवली आहे? माथाडी मंडळात तुझे नाव आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ मुलांस देता येत नाही, कारण मुकादमाने नाव घातले असेल असे ते समजून चालतात. तेव्हा प्रथम ते मंडळाच्या कचेरीत जाऊन पाहावे. ते तेथे नसेल तर हमाल पंचायतीकडे जावे. तिचे हमाल भवन मार्केट यार्डातच आहे.